आळशी टाकं

खूप खूप मागे, डोंगरांनाही अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. ती सांगणाऱ्याइतकी चांगली दुसऱ्या कुणालाच सांगता येत नाही, हे अख्खी पंचक्रोशी मान्य करते. अख्खी पंचक्रोशी म्हणजे तो स्वतः आणि त्याची म्हैस. त्यातही म्हैस मान हलवते ती माश्यांमुळे, असं घरच्यांचं म्हणणं आहे. तेव्हा ऐकायचं असेल तर ऐका, नाहीतर खुशाल झोपा. झोपलेल्या माणसाची गोष्टीला काही अडचण होत नाही.

तर एक उभा कडा होता. कड्याच्या माथ्यावर एक वाडी आणि पायथ्याशी एक वाडी. वरच्या वाडीला लोक वरवाडी म्हणत, खालच्या वाडीला तळवाडी. नावं ठेवताना कुणी फार डोकं शिणवलेलं दिसत नाही.

वरवाडीला गोड्या पाण्याचा झरा होता, पण मीठ चिमूटभर नव्हतं. तळवाडीच्या दारात खाडी होती, मिठागरं होती, पण विहिरींचं पाणी खारट. एकाकडे होतं ते दुसऱ्याला हवं होतं. अशी माणसं शेजारी असली की आधी भांडतात, मग शहाणी होतात. हीही भांडली. फार जुन्या काळी वरच्यांनी रागाच्या भरात खालच्यांवर दगड लोटले. मग दोन्हीकडचे म्हातारे एकत्र बसले, आणि वरच्यांनी शपथ घेतली की या कड्यावरून खाली दगड म्हणून जाणार नाही, खडासुद्धा नाही. ही शपथ इतकी कडक पाळत, की कड्याच्या टोकावर बसून बोरं खाणारा माणूसही बिया मुठीत धरून घरी नेई.

त्या टोकावर एक मोठी लाकडी गडगडी उभारलेली होती. तिच्यावरून जाडजूड दोर गेलेला, आणि दोराच्या दोन टोकांना, लाकूड कोरून केलेले दोन खोल पाळणे. एक वर असला की दुसरा खाली. झऱ्याचं पाणी आधी वरच्या दगडी टाक्यात साठायचं. टाक्यातून ते वरच्या पाळण्यात भरायचं, दोराची अटकण काढायची, की हा पाळणा निघाला खाली आणि खालचा पाळणा मिठाच्या गोणी घेऊन आला वर. खाली तळवाडीकर पाळण्याचं बूच काढून आपले हंडे भरून घेत. वर वरवाडीकर मीठ उतरवून घेत. कधी मिठाबरोबर सुकी मासळी येई, कधी माहेरवाशीण, कधी एखादे व्याही. मासळीचा वास जास्त की व्याह्यांचा रुबाब, यावर वरवाडीत दोन मतं होती.

हे इतक्या पिढ्या चाललं, की ते कशानं चालतं हे विचारायचं लोक विसरून गेले. ते म्हणत, पाणी ही मिठाची किंमत. आपण पाणी देतो, ते मीठ देतात, फिटंफाट. आणि एवढ्या जड गोणी वर कोण ओढून आणतं? अहो, गडगडी! ती जागृत होती ना. तिला शेंदूर फासलेला असे आणि दर अमावास्येला तिच्यापुढे नारळ फुटे.

नारळ खाई हैबती आबा. हा टाक्याचा राखण्या. दिवसभर जांभळीखाली बसायचं, पाळणा भरला की अटकण काढायची, दोराचा वेढा खांबावरून बेताबेतानं सोडायचा, आणि पुन्हा बसायचं. बसून बसून आबाला चांगलीच गोलाई आली होती. पोरांनी विचारलं, "आबा, गोणी कोण हो ओढतं?" तर तो आवाज खाली आणून सांगायचा, "गडगडीत खवीस बसलाय. त्याला तिळाचे लाडू लागतात." दुसऱ्या दिवशी पोरं लाडू आणून देत. खवीस जाडा झाला की नाही ठाऊक नाही; आबा झाला.

या वरवाडीचा कारभार निंबा बघत असे. तरुण, काटक, पायाला भिंगरी लागलेला. निंबाला चालताना कुणी पाहिलं नव्हतं, तो पळायचाच. जेवायला बसला तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. धावणाऱ्या वस्तूवर त्याचं प्रेम होतं: वारा, बकरं, उतारावरून सुटलेलं चाक. उभ्या वस्तूचा त्याला राग. आणि वाडीतली सगळ्यांत उभी वस्तू म्हणजे ते टाकं.

"बघा, बघा," तो लोकांना दाखवायचा, "नुसतं पडून आहे. हालचाल नाही, आवाज नाही. असलं आळशी पाणी माझ्या डोळ्यांसमोर नको."

"माझ्याविषयी बोलतोस की पाण्याविषयी?" आबा जांभळीखालून विचारी.

"दोघांविषयी."

"मग हरकत नाही. एकट्याला बोल लागला असता तर वाईट वाटलं असतं."

निंबाची बायको चांगुणा ही तळवाडीची लेक. ती बाळंतपणाला खाली माहेरी गेली होती. माघात तिला मुलगी झाल्याची बातमी मिठाच्या गोणीबरोबर वर आली, आणि निंबानं गोणी तिथंच टाकून तीन वेळा वाडीला फेरी मारली. लेकीला अजून त्यानं पाहिलं नव्हतं. बाळंतिणीला चैत्राच्या आत सासरी पाठवायचं नाही, अशी तळवाडीची रीत होती. निंबाला बसवेना, उभं राहवेना. असा माणूस रिकामा असला की गावात सुधारणा होते.

निंबानं चावडीपुढे सगळ्यांना गोळा केलं.

"आपण पाणी कशाला देतो? मिठासाठी. मग ते पाळण्यात भरा, सोडा, थांबा, पुन्हा भरा, हा खटाटोप कशाला? टाक्यापासून कड्यापर्यंत पाट खणू. कड्याला चीर आहेच. पाणी आपलं आपण धावत खाली जाईल. त्यांना भरपूर पाणी, आपल्याला भरपूर मीठ. पाळणे मोकळे राहतील, ते नुसत्या गोणीच वाहतील."

लोकांनी माना डोलावल्या. बेतात खोट काढावी अशी जागाच दिसेना. किंमत पोहोचल्याशी मतलब. ती पाळण्यानं जाते की पाटानं, याच्याशी मिठाला काय करायचंय?

"आणि माझा नारळ?" आबा म्हणाला.

सगळे हसले. हैबती आबा उभ्या जन्मात एक गोष्ट सरळ बोलला नव्हता, तेव्हा त्याला काही वेगळं म्हणायचं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर त्यालाही वेगळं काही म्हणायचं नव्हतं. त्याला नारळाचीच काळजी होती.

पाट खणला. शपथ मोडू नये म्हणून त्याच्या तोंडाशी वेताची जाळी बसवली, एकही खडा खाली जाऊ नये अशी. मग निंबानं स्वतःच्या हातानं टाक्याचा दट्ट्या उपटला.

काय ते पाणी धावलं! पाटातून फेसाळत, कड्याच्या चिरेतून गर्जत, उन्हात चमकत खाली कोसळलं. पाटाच्या काठानं निंबा त्याच्याबरोबर पळत होता. "बघा! आळशी होतं ना? कसं कामाला लागलं!" पोरं ओरडत होती, बाया हळदीकुंकू टाकत होत्या. पाणी कसलं काम करत होतं, हे मात्र त्या गलबल्यात कुणी विचारलं नाही. आवाज मोठा असला की काम चाललंय असंच वाटतं. पाहुण्यांसमोर भांडी आपटणाऱ्या माणसाला हे चांगलं ठाऊक असतं.

खाली तळवाडीकरांनी हंडे भरले, घागरी भरल्या, न्हाणी भरल्या. मग भरायला काही उरलं नाही आणि पाणी यायचं थांबेना. ते वाटांवरून वाहिलं, मिठागरांत शिरलं, मिठाचे ढीग विरघळवून खाडीत गेलं. टाक्यानं कित्येक पावसाळे साठवलेलं सगळं पाणी समुद्राला मिळालं. समुद्रानं त्याबद्दल आभार मानल्याचं कुणी ऐकलं नाही.

मग एके सकाळी पाट गप्प झाला. टाक्याच्या तळाशी गुडघाभर गाळपाणी उरलं. झरा होता, पण उन्हाळ्यात त्याची धार करंगळीएवढी. वरवाडीच्या पिण्यापुरती.

निंबा डगमगला नाही. "पाणी तर पोहोचलं," तो म्हणाला. "आता मीठ मागवा."

खालच्यांनी उरलेल्या मिठाच्या गोणी पाळण्यात भरल्या आणि आरोळी दिली. वर आबानं अटकण काढली.

गडगडी हलली नाही.

तिला तेल घातलं. ती हलली नाही. नवा शेंदूर लावला, जोडीनं नारळ फोडले. आबानं ते समाधानानं खाल्ले, पण गडगडी हलली नाही. शेवटी हातानं ओढायचं ठरलं. त्या टोकावरची जागा इतकी चिंचोळी, की जेमतेम दोन माणसं उभी राहतील. तिसरा आला तर पहिला खाली जाईल. दोन तगडे गडी उभे राहिले. त्यांनी ओढलं, दात खाल्ले, पुन्हा ओढलं. पाळणा घराएवढा उंच आला असेल, तोच घामेजलेल्या हातांतून दोर सटकला आणि पाळणा खाली आदळला. गोण्या फुटल्या, मीठ मातीत मिसळलं. गड्यांच्या तळव्यांची सालं निघाली.

"खवीस रुसला," पोरं म्हणाली.

चैत्र लागला. ऊन तापलं. आणि एक दिवस तळवाडीचा एक कोळी कड्याच्या बाजूनं जाणाऱ्या शेळ्यांच्या वाटेनं हातापायांनी चढत वर आला. ती वाट म्हणजे दिवसभराची चढण, आणि पाय घसरला तर पुढची वाट देवाघरची. कोळी धापा टाकत निंबापुढे उभा राहिला.

"तुमच्या सासऱ्यांचा निरोप हाय," तो म्हणाला. "पाळणा बंद झाल्यापासून आम्ही खारटच पितो. आमचं एक चालून जातंय. पण चांगुणाताईंचं दूध आटाया लागलंय. पोर रडून रडून निळं पडतं. सासरे म्हणतात, जावईबापू, पाणी तुम्ही एकदम पाठवलंत, आता तुमची माणसं तरी तेवढ्याच घाईनं वर न्या."

निंबा तसाच उठला आणि कड्याकडे पळाला. पळत गेला, पण टोकावर जाऊन करणार काय? शेळ्यांच्या वाटेनं ओल्या बाळंतिणीला तान्ह्या पोरीसकट वर आणता येत नव्हतं. हातानं ओढावं तर फुटलेल्या गोण्या खाली अजून दिसत होत्या. तो टोकावर येरझाऱ्या घालू लागला. तिकडून इकडे, इकडून तिकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला जाणवलं, की इतकं धावूनही आपण कुठंच पोहोचत नाही.

हैबती आबाला माणसाचं दुःख बघवत नसे. त्यावर त्याच्याकडे एकच औषध होतं, खोडी. निंबाची पाठ वळली तसा तो रिकाम्या पाळण्यात शिरून अंग चोरून बसला. निंबा जवळ आला, की एकदम उठून "भ्वाऽऽ" करायचं आणि त्याला हसवायचं, असा बेत. पण गोण्या फुटल्या त्या दिवशी काढलेली अटकण अजून काढलेलीच होती. आबानं बूड टेकलं, आणि पाळणा सरसर खाली निघाला.

"भ्वाऽऽ" च्या जागी "मेलोऽऽ" असा आवाज आला.

निंबानं झेप घेतली आणि अटकण दाबली. गडगडी करकरून थांबली. पाळणा पुरुषभर खाली लोंबकळत होता आणि आत आबा डोळे मिटून सगळ्या देवांची माफी मागत होता. तिळाच्या लाडवांचाही उल्लेख त्यात आला.

"आबा," निंबा वरून म्हणाला, "गडगडी फिरली."

"मला वर घे आधी!"

"थांबा हो जरा. मघापर्यंत फिरत नव्हती. तुम्ही बसलात आणि फिरली. तिकडे बघा, खालचा पाळणा वर उचलला गेलाय."

"मी बसलो तर खालचा वर जाणारच! मी काय कापसाचा आहे? निंबा, बाबा रे, तुझं लग्न मीच जमवलं होतं, मला वर घे!"

निंबानं माणसं हाका मारून बोलावली, एकाला टोकावर शेजारी घेतलं, बाकीच्यांना मागे उभं केलं, आणि काठीच्या आधारानं आबाला ओढून घेतलं. आबा काठावर येऊन पालथा पडला आणि जमिनीचे मुके घेऊ लागला. निंबाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खाली बसला होता. हो, निंबा बसला होता. माणसं आबाला सोडून त्याच्याकडेच बघू लागली.

त्याला आईचं मुसळ आठवत होतं. उचलून क्षणभर वर धरलेलं मुसळ किती गप्प असतं. पण दाणा फोडायचं बळ त्यात तेव्हाच येऊन बसलेलं असतं, आईच्या हातांनी ते वर नेताना. खाली येताना ते फक्त खर्च होतं. फळीवर ठेवलेली लोणच्याची बरणीही गप्पच असते, तरी तिच्याखाली कुणी डोकं ठेवून झोपत नाही. शिकलेली माणसं या दोन बळांना मोठी नावं देतात, स्थितिज म्हणतात, गतिज म्हणतात, आणि मग पोरांना ती पाठ करायला लावून पोरांतलं दोन्ही प्रकारचं बळ घालवतात. निंबाला नावं ठाऊक नव्हती. त्याला एवढंच दिसलं, की एक बळ ठेवलेलं असतं आणि एक धावतं असतं, आणि धावतं ते ठेवलेल्यातूनच येतं.

"गोणी गडगडी ओढत नव्हती," तो हळूच म्हणाला. "पाणी ओढत होतं. ते वर होतं म्हणून ओढत होतं. आणि मी ते धावायला लावून समुद्रात सांडलं."

आबानं मान वर केली. "खरं सांगू का? मलाही ठाऊक नव्हतं. मी आपला बसत होतो."

"दगड भरा पाळण्यात," एक जण म्हणाला. "वजनाशी काम."

"शपथ आहे," बाकीचे एकदम म्हणाले.

टाक्याच्या तळचं गाळपाणी होतं. घागरींनी उपसून ते पाळण्यात ओतलं. निम्मासुद्धा भरला नाही. चांगुणा, पोर, माहेरचं गाठोडं. एवढं उचलायला ते पुरणार नव्हतं.

"मी बसतो पाण्यात," निंबा म्हणाला.

"तू?" आबानं त्याला खालीवर न्याहाळलं. "धावून धावून तुझी काडी झाली आहे. तुझ्यानं शेळी उचलायची नाही."

"पाणी आणि मी मिळून उचलू. तुम्ही दोर सांभाळा."

"मी?"

"तुमच्याएवढं कुणाला येतं? जन्मभर तेच केलंत."

आबानं खांबाला दोराचा एक वेढा जास्त घातला, पाय रोवले, आणि पहिल्यांदाच कुणाची टिंगल न करता म्हणाला, "बस."

खालून आरोळी आली, चांगुणा बसली. निंबा गढूळ पाण्यात मांडी घालून बसला. आबानं अटकण काढली. पाळणा निघाला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. कडा वर सरकत होता, कपारीतल्या पाकोळ्या उडत होत्या. मग निंबाला जाणवलं, की मांडीपर्यंतचं पाणी घोट्यापर्यंत आलंय. पाळणा लाकडाचा होता. रोजचं पाणी बंद झालं तसा तो उन्हात वाळला होता, आकसला होता, आणि त्याला बारीक बारीक चिरा गेल्या होत्या. प्रत्येक चिरेतून धार लागली होती. निंबानं दोन्ही हातांनी चिरा दाबल्या. हात दोन आणि चिरा ढीगभर. पाणी कमी होत गेलं, पाळणा मंद होत गेला, आणि कड्याच्या बरोबर निम्म्यावर येऊन उभाच राहिला.

समोर, हात लांबवला तर पोहोचेल इतक्या अंतरावर, दुसरा पाळणा उभा होता. त्यात चांगुणा बसली होती. तिचे डोळे खोल गेले होते. पदराखाली एक लहानसं डोकं होतं.

दोघांच्या खाली अर्धा कडा होता आणि वर अर्धा.

"अहो," चांगुणा म्हणाली, "तुम्ही इथं काय करताय?"

"तुला वर नेतोय."

"मला वर नेणारे तुम्ही खाली निघालात?"

"तेच तर! मी खाली जातो म्हणून तू वर येतेस."

"मग येत का नाही मी?"

"पाणी गळालं. आता तुम्हा दोघींचं आणि माझं वजन सारखं झालंय."

चांगुणानं पदर बाजूला केला. पोर जागी होती. तिनं निंबाकडे बघितलं, अगदी निवांत, जणू बाप असाच हवेत लटकलेला भेटायचा असतो. निंबाला हलायचं भान राहिलं नाही. तो बघतच राहिला. वाऱ्यानं पाळणे किंचित डुलत होते.

"गप्पा घरी जाऊन मारा रे!" वरून आबाचा आवाज आला. "माझे हात भरून आलेत!"

निंबा भानावर आला. "तुझ्याकडे काय काय आहे?"

"पोर आहे, मी आहे, आणि आईनं दिलेलं मिठाचं गाठोडं. तुमच्या वाडीत मीठ नाही म्हणून राखून ठेवलेलं, आमच्या घरातलं शेवटचं."

"ते माझ्याकडे दे."

"अहो, ते वर न्यायचंय!"

"तू वर जा, मीठ मी आणतो. दे."

चांगुणानं एका हातानं पोर छातीशी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं गाठोडं ढकललं. निंबानं ते ओढून मांडीवर घेतलं. दोन्ही पाळण्यांनी क्षणभर विचार केल्यासारखं केलं. मग निंबाचा पाळणा खाली सरकू लागला आणि चांगुणाचा वर. ती त्याच्या डोक्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तो मान वाकडी करून बघत होता.

वर आबानं एक एक वीत दोर सोडत पाळणा टेकवला. त्याच्या तळव्यांची सालं गेली होती. बायांनी चांगुणाला उचलून घेतलं, झऱ्याच्या धारेखाली तांब्या धरला, आणि ती तांब्या तोंडाला लावून पितच राहिली.

खाली सासरे उभे होते. चिखलानं माखलेल्या जावयाकडे आणि परत आलेल्या गाठोड्याकडे त्यांनी आळीपाळीनं बघितलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळंच उलटं चालतं का? लेक पाठवली ती गेली, मीठ पाठवलं ते परत आलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे निंबा ते गाठोडं डोक्यावर घेऊन शेळ्यांच्या वाटेनं चढायला लागला. त्या वाटेवर पळता येत नव्हतं. प्रत्येक पाऊल वर टाकताना मीठ आपलं म्हणणं सांगत होतं. मांड्या भरून आल्या, छाती भात्यासारखी हलू लागली. मध्ये एका कपारीत टेकून त्यानं खाली बघितलं, आणि त्याला हसू आलं. एवढा दम लागला तो गेला कुठे? वाया नाही गेला. हातभर उंची वाढली की तेवढा दम या गाठोड्यात जाऊन बसत होता. गाठोडं इथून सोडलं तर तो सगळा एका दमात परत बाहेर येईल. त्यानं गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा आवळली आणि जपून पुढे निघाला.

घरी जायच्या आधी तो टाक्यावर गेला. पाटाच्या तोंडाशी दगडमाती भरून त्यानं तो बुजवला आणि दट्ट्या ठोकून बसवला. झऱ्याची करंगळीएवढी धार टाक्यात पडू लागली. आवाज येत होता की नव्हता, इतकी बारीक. त्या उन्हाळ्यात दोन्ही वाड्यांनी ओठ कोरडे ठेवून दिवस काढले. वरवाडी अळणी जेवली, तळवाडी खारट पाणी प्याली, आणि शेळ्यांच्या वाटेवरून रोज कुणी ना कुणी डोक्यावर कळशी घेऊन उतरत राहिलं. पाऊस झाला, टाकं चढत गेलं. पाळणे पाण्यात बुडवून ठेवले, तसं लाकूड फुगून चिरा मिटल्या. आश्विनात पहिला पाळणा पाण्यानं भरून खाली गेला आणि पहिली गोणी वर आली. तिच्याबरोबर सासरेही आले, रुबाबासकट.

त्या दिवसापासून टाक्यातलं पाणी काम हाती घेतल्याशिवाय खाली उतरलं नाही. गडगडीचा नारळ बंद झाला. आबा आता पोरांना सांगतो, की खवीस टाक्यात राहायला गेलाय आणि त्याला भाकरीवरचं लोणी लागतं.

आणि निंबा? तो संध्याकाळी टाक्याच्या काठावर बसायला लागला. उभ्या पाण्याकडे बघत, अगदी शांत. एकदा चांगुणा लेकीला कडेवर घेऊन त्याच्याशेजारी येऊन बसली. निंबाला राहवलं नाही. त्यानं घसा साफ केला, आणि या गोष्टीचं तात्पर्य, जे सांगायचा मान खरं तर गोष्ट सांगणाऱ्याचा, ते स्वतःच बोलून टाकलं:

"चांगुणा, मला एक कळलं बघ. जे निश्चल दिसतं त्यातच बळ साठलेलं असतं. त्याला आळशी म्हणू नये, आणि कामाला लावल्याशिवाय ते सांडूही नये."

चांगुणानं लेकीच्या तोंडातून तिची मूठ काढली, ती पदरानं पुसली, आणि म्हणाली, "मग माझे दिवस भरत आले होते, तेव्हा 'दिवसभर नुसती बसून असतेस' असं मला कोण म्हणालं होतं?"